काकांचा उपास आणि मूळ मठ

काका गेले त्याला आता चार महिने होतील. समाचाराला लोक अजून येतात, आणि चहा झाला की एकजण हटकून म्हणतो, "ते मठाचं सांगा की, मास्तर. तुमी होता न्हवं बरोबर?" मी तोंड उघडायच्या आत तोच सांगू लागतो. प्रत्येकाच्या सांगण्यात काकांचा उपास एकेक दिवसाने वाढतो. परवा तो एकवीस दिवसांवर गेला. म्हणून जे झालं ते एकदा लिहून ठेवतो. उपास सहा दिवसांचा होता, आणि त्याला कारण मी होतो. हे दुसरं वाक्य समाचाराला येणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक नाही.

आमचं घर राणीसावरगावचं, लिंगायतांचं. आमच्यात लहानपणीच गुरू इष्टलिंग देतात. बोटाच्या पेराएवढा काळा, गुळगुळीत दगड. तो चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचा, रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, आणि पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. हे लिंग जन्मभर ज्याचं त्याचं. माणूस गेला की त्याला बसवून माती देतात, आणि तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात.

निजामाचं राज्य होतं आणि जगात लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. वडील पौषात गेले. काका त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटे. दोघांना दीक्षा एकाच दिवशी मिळालेली, डब्या एकाच सोनाराने केलेल्या. त्या साली दिवाळीपासून वडिलांचे हात थरथरू लागले, म्हणून दोघांचीही पूजा काकाच करीत. समोर ताम्हण, ताम्हणात दोन लिंगं. वडील गेले त्या सकाळी पूजा संपत आली होती आणि आतून आईची हाक आली. काका तसेच उठून धावले.

दुपारी खड्ड्याशी जंगमांनी, म्हणजे आमच्या पुरोहितांनी, मला सांगितलं, लिंग घेऊन या. मी देवघरात गेलो. ताम्हणात दोन लिंगं, शेजारी दोन रिकाम्या डब्या. विचारायला कुणी नव्हतं, आणि मी शिकलेला माणूस. थोरल्याचा मान उजवा, असा विचार करून मी उजवीकडचं उचललं आणि नेऊन दिलं. काका पूजेला भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसत. मी दारातून आलो होतो. त्यांचं उजवं ते माझं डावं, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी काकांनी राहिलेलं लिंग तळहातावर घेतलं आणि तसेच बसून राहिले. पाणी घातलं नाही, बेल वाहिला नाही. आई म्हणाली, "भावजी, काय झालं?"

"वहिनी, हे माझं न्हाई. हे दादाचं हाय."

मी विचारलं, "कशावरून, काका?"

"तुझा चष्मा तुला वळखू येतो का न्हाई? माझ्याला बुडाशी जरासा कोपरा हाय, तळव्याला टोचतो. हे लोण्यावानी हाय."

मी मनातल्या मनात देवघरात जाऊन पुन्हा दारात उभा राहिलो. उजवं, डावं. मग सगळं कळलं, आणि मी गप्प बसलो.

जंगमांना बोलावलं. ते वयाने लहान, आपल्या वडिलांच्या जागी नुकतेच आलेले. हे प्रकरण ऐकून त्यांना घाम फुटला.

"समाधी उकरता येणार न्हाई," ते म्हणाले.

"कोण म्हणतंय उकरा?" काका म्हणाले.

"मग मी नवं लिंग देतो तुमाला. पण हे गंगेत सोडावं लागंल."

"दादाला गंगेत सोडू?"

"दादाला न्हाई हो. लिंगाला."

"त्यात काय फरक हाय ते सांगा."

जंगमांनी खांद्यावरची झोळी सावरली. ते म्हणाले, "याचा निकाल मूळ मठातच. आपल्या गुरूंची गादी तिथं हाय, जिंतूरच्या पलीकडं. तोवर दूध घेत चला." आणि दक्षिणेची वाटही न बघता ते निघून गेले.

झालं ते असं की दुसऱ्याच्या लिंगाची पूजा काकांना करता येईना, ते सोडवेना, आणि पूजेवाचून जेवता येईना. आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून मी आणि काका निघालो. आईने माझ्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. काकांच्या पिशवीत नवा पटका होता. गादीपुढे उभं राहताना बांधायला.

हुरड्याचे दिवस होते. गंगाखेडच्या वाटेवर शेताशेतात आगट्या पेटलेल्या, आणि बांधाबांधावरून हाका. "या पावणं, हुरडा खायला या!" हाकेला नाही म्हणायचा रिवाज नाही. काका प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरत, आगटीजवळ टेकत, गरम हुरडा तळहातावर चोळत, फुंकर मारून भूस उडवत, डोळे मिटून वास घेत, आणि मूठ माझ्यापुढे करत.

"खा, मास्तर. गुळभेंडी जवारी हाय का बघ."

मी खाई.

"गोड हाय?"

"आहे."

"दाणा दुधाळ हाय का निब्बर झालाय?"

"दुधाळ आहे."

मग काका यजमानाकडे वळून समाधानाने म्हणत, "लय झ्याक हाय बगा हुरडा." यजमान खूश होई आणि आणखी एक मूठ देई. गंगाखेड येईपर्यंत मी सात शेतांचा हुरडा दोन माणसांच्या वाट्याने खाल्ला. उपास काकांचा होता, पण गाडीत पोट धरून मी बसलो होतो.

मी त्यांना खायला लावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. माझं वाचन दांडगं होतं, त्याचा उपयोग दुसरा काय? मी म्हटलं, "काका, अन्न म्हणजे पाण्यात शिजवलेलं. हुरडा भाजलेला. त्याला अन्न म्हणता येत नाही."

काकांनी विचार केला. "बराबर हाय."

"मग घ्या."

"डोक्याला पटलं. घशाला कोण समजावणार?"

गुळाबद्दलही असंच झालं. गूळ म्हणजे वाळलेला उसाचा रस, रस म्हणजे पेय, आणि पेयाला दुधासारखी मुभा. काकांनी हे सगळं मान्य केलं, माझ्या बुद्धीचं कौतुक केलं आणि खडा बैलाला दिला. मी दशमी सोडली की ते माझ्यापुढे मांडी घालून बसत. मी पाठ फिरवून खाऊ लागलो तर त्यांना राग येई. "इकडं तोंड करून खा. चोरी करायलास का? चटणीत लसूण लय झालाय का रे?"

"नाही, बरोबर आहे."

"वहिनीचा हात कधी चुकत न्हाई," असं म्हणून ते पाणी पीत.

गंगाखेडला रात्र काढून सकाळी आगगाडीत बसलो आणि काकांनी डब्यातल्या सगळ्यांना हकिगत सांगितली. ते ती कुणालाही सांगत, आणि प्रत्येक वेळी एवढंच म्हणत, "घाईत झालं." कुणी केलं ते सांगत नसत. त्या दोन शब्दांपाशी मी दर वेळी खिडकीबाहेर बघे. ऐकणारा प्रत्येकजण निकाल देई. एक कापसाचा व्यापारी म्हणाला, "अहो, दोन्ही दगड एकाच डोंगराचे. एवढं काय मनावर घ्यायचं?"

काका म्हणाले, "शेठ, तुमाला पोरं किती?"

"दोन."

"एकाच आईची न्हवं? मग धाकट्याच्या लग्नात थोरल्याला हुभं करता का?"

सगळा डबा हसला. शेठजीही हसले, आणि त्यांनी काकांपुढे पेढ्यांचा पुडा धरला. काकांनी तो मला दिला.

गोदावरीचा, म्हणजे आमच्या गंगेचा, पूल आला. बाया नमस्कार करून पाण्यात पैसे टाकू लागल्या. काकांनी गळ्यातली डबी दोन्ही मुठींत घट्ट धरली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. पूल संपेपर्यंत त्यांनी मुठी सोडल्या नाहीत. मग हळूच म्हणाले, "मास्तर, दादाला टोचत असंल का रे?"

"काय?"

"माझा कोपरा. मला सवय हाय. त्याला न्हाई."

मी पेढा खाल्ला.

परभणीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जिंतूरची मोटार धरली. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं. मोटार कोळशाच्या धुरावर चाले, आणि चढ लागला की बसलेल्यांनी उतरून ढकलायची. पहिल्याच चढाला सगळे उतरले, काकाही उतरले. ड्रायव्हर दाढीवाला, म्हातारा. काकांची गोष्ट त्याने मोटारतळावरच ऐकली होती. तो ओरडला, "चाचा, तुम बैठो! पाँच दिन का भूका आदमी, मेरी गाडी को हात लगाया तो गुनाह मेरे को लगता!"

काकांना परत वर बसवलं. मागच्या बाकावर ते एकटेच ताठ बसलेले, आणि खाली वीसपंचवीस माणसं धुरात खोकत ढकलायलेली. असे चार चढ झाले. तिसऱ्या चढाला एक पाटील मला म्हणाला, "तुमचं देवदैवत लय जड हाय हो." काका वरून आम्हाला मठाचं वर्णन ऐकवत होते. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं. दारात हत्ती झुलतो. दोन वेळा दोनशे पानांची पंगत उठते. भाताचं भांडं एवढं मोठं की घासायला माणूस शिडी लावून आत उतरतो. "मी निकाल मिळाला की तिथंच पंगतीला बसणार," काका म्हणाले. "तुमी समदे या."

जिंतूरला रात्र काढली आणि सकाळी पुढे तीन कोस पायी. शेवटच्या टेकाडाखाली ओढ्यावर काकांनी तोंड धुतलं, विभूती लावली आणि नवा पटका बांधला. उपाशी हातांना गाठ जमेना, तेव्हा मी पदर ओढून धरला. मग आम्ही वर चढलो.

वर दार होतं, पण त्याला फळ्या नव्हत्या. आत सभामंडपाचे खांब उभे होते, छप्पर नव्हतं. एका भिंतीतून बेलाचं झाड फुटून तिला दोन भागांत करून वर गेलं होतं. दोनशे पानं जिथे बसत असतील त्या फरशीवर पाचपन्नास शेळ्या बसल्या होत्या. दाराशी लोखंडी खांबावर सरकारी पाटी होती. काका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाटलं, इथे सगळे कुठे गेले ते तीवर लिहिलं असेल.

"काय म्हणायली?"

पाटी उर्दूत होती, आणि माझं शिक्षण उर्दूतून झालं होतं. आमच्याकडे तेव्हा दुसरी सोय नव्हती. मी वाचलं. "ही इमारत सरकारच्या रक्षणाखाली आहे. हिच्या कुठल्याही भागाला जो हात लावील त्याला शिक्षा होईल."

काका उंबरठ्याला हात लावून नमस्कार करायला वाकले होते. ते अर्ध्यावरच थांबले. "पायरीबी त्यात येती का?"

"कुठल्याही भागाला, असं आहे."

"आनी कपाळ टेकलं तर?"

"कपाळाचं काही लिहिलेलं नाही."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि गुडघ्यावर बसून नुसतं कपाळ उंबरठ्याला लावलं. सहा दिवसांच्या उपासाने त्यांना परत उठता येईना. मी काखेत हात घालून उठवत होतो तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण हाय रे? शेळ्या बुजल्या ना!"

एक म्हातारी खांबाआडून आली. सत्तरीच्या पुढची असेल. गळ्यात लिंगाची डबी, कमरेला पदर खोचलेला. काकांनी विचारलं, "माय, स्वामी कुटं हायत?"

"कोणते स्वामी?"

"गादीवरचे."

"गादीवर बोकड हाय," ती म्हणाली. "उठवू का?"

खरंच होता. मंडपाच्या टोकाला दगडी चौथरा, त्यावर काळा बोकड डोळे मिटून रवंथ करत होता. मला त्याही अवस्थेत वाटलं की बसण्याची पद्धत त्याला साधली आहे.

म्हातारीने सांगितलं ते थोडक्यात असं. स्वामी तिच्या लग्नाच्या आधीच कर्नाटकात गेले, परत आले नाहीत. मठाचा जंगम म्हणजे तिचा नवरा. तो होता तोवर दिवा लागे. तोही गेला. मग पाटी आली. पाटीच्या खांबाला आता ती शेळी बांधते, तेवढा तिचा उपयोग.

काका चौथऱ्याच्या कडेला मटकन बसले. पाटीचीही आठवण राहिली नाही त्यांना. "मग माझा निकाल कोण देणार, माय?"

"आदी सांग तर काय झालंय."

काकांनी सांगितलं. ती ऐकता ऐकता शेळीच्या पायातला काटा काढत होती. संपल्यावर म्हणाली, "लिंग कुणी उचललं ताम्हणातून?"

"मीच," काका म्हणाले. "घाईत झालं."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते खोटं होतं. मी म्हटलं, "नाही, आजी. मी उचललं. मी दारातून आलो होतो. माझं उजवं—"

"तू गप बस," काका माझ्यावर डाफरले. "दारातनं येणाऱ्याला उलटंच दिसणार. ते मला पहिल्याच दिशी कळलंय. सांगायचं काय त्यात?"

सहा दिवस मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं.

"भांडू नगा," म्हातारी म्हणाली. "शेळ्या बुजतात." तिने काटा फेकला, हात धुतले, विभूती लावली. मग काकांसमोर उभी राहिली. "काढ ते."

काकांनी डबी उघडून वडिलांचं लिंग तिच्या हातात दिलं. तिने ते पदराला पुसलं, उन्हात धरून बघितलं.

"डावा हात पुढं कर."

काकांनी केला. हात थरथरत होता, वडिलांचा थरथरे तसा. तिने लिंग त्यावर ठेवून त्यांची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"आता हे तुझं."

काका म्हणाले, "पन दादाचं?"

"दादाचं व्हतं. आता गादीसमोर दिलं तुला. त्यानं तुझं नेलं. भाऊच हाय न्हवं तुझा का कोण परका हाय? ऊठ, त्या झाडाचा बेल तोड. पूजा कर. मी भाकरी टाकते."

मी चुलीपाशी गेलो आणि हळूच विचारलं, "आजी, हा निकाल कुठल्या शास्त्राप्रमाणे?"

तिने माझ्याकडे, मग माझ्या चष्म्याकडे बघितलं. "किती दिस झाले त्याला जेवून?"

"सहा."

"मग शास्त्र कशाला इचारतोस? पीठ मळ."

मी पीठ मळलं. चौथऱ्यावर बोकडाला थोडं सरकवून काका पूजेला बसले होते. पूजा फार वेळ चालली. भाकरी ज्वारीची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेळीचं दूध. काकांनी पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. गिळला. दुसरा घेतला. मग पहिली भाकरी कधी संपली ते कळलं नाही. दुसरी संपली, तिसरी निम्मी झाली. ठेच्याने नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते खातच होते. मी विचारलं, "लसूण फार झालाय का, काका?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसतील असं मला वाटलं. हातातला घास ताटात ठेवून ते म्हणाले, "मास्तर, दादा गेला रे."

आणि ते रडू लागले. वडील गेले तेव्हा ते रडले नव्हते. खड्ड्याशी नाही, लिंग ओळखलं तेव्हा नाही, पुलावर नाही. पन्नाशी उलटलेला माणूस लहान मुलासारखा तोंड उघडून रडत होता, पटका सुटून गळ्यात आला होता, आणि शेळ्या उठून भिंतीकडे पळाल्या. मी जवळ जाऊ लागलो तर म्हातारीने माझा हात धरून मला मागे ओढलं.

"रडू दे," ती म्हणाली. "आता पोटात काई तरी हाय त्याच्या."

मग तिने परात माझ्यापुढे सरकवली. "मळ आजून. हा थांबला की परत खानार हाय."

मी मळायला बसलो. हात पिठात होते, त्यामुळे मला डोळे पुसता येत नव्हते. म्हातारी तव्यावरची भाकरी उलटत शेळ्यांना हाका मारत राहिली. काका थांबल्यावर त्यांनी आणखी दोन खाल्ल्या.